इमिटेशन वेगळं, डुप्लिकेट वेगळं

आमच्या सासूबाईंना माणसांचे आवाज काढता येतात. कुणी शिकवलेलं नाही. त्यांचे वडील गावी दशावतारात स्त्रीपार्टी होते, तिकडून आलं असेल असं त्या म्हणतात; पण त्यांच्या दोन भावांना धड शिट्टीही वाजवता येत नाही, तेव्हा या गोष्टीवर माझा फारसा विश्वास नाही. मासेवाली दारात आली की तिची हाळी त्या तिलाच ऐकवतात आणि ती पायरीवर बसून हसते. माझ्या नणंदेला फोनवर तिच्याच शेजारणीच्या आवाजात त्यांनी दोनदा फसवलंय. हे सगळं घरातल्या घरात होतं तोवर ठीक होतं. प्रकरण सोसायटीच्या मिनिट्समध्ये जाईपर्यंत पोचलं, त्याला मी कारण झाले. म्हणजे मी नव्हे, माझे केस.

आम्ही कांदिवलीला राहतो. चार मजल्यांची बिल्डिंग, आम्ही दुसऱ्यावर, चेअरमन चौथ्यावर. चेअरमन सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. नोटीस इंग्रजीत काढायची आणि प्रत्येक वाक्याआधी दोनदा खाकरायचं, या त्यांच्या दोन सवयी. ते खाकरणं म्हणजे थंडीतली स्कूटर. पहिल्या खेपेला नुसती घरघर, दुसऱ्या खेपेला सुरू. मग "काइंडली नोट" म्हणून बोलणं चालू. माणूस तसा सरळ. पाणीकपात सुरू झाल्यावर त्यांनी नियम केला: पाण्याची मोटर सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. अधल्यामधल्या वेळी फक्त चेअरमननी सांगितलं तर, आणि वॉचमनने तसं रजिस्टरात लिहायचं.

त्या रविवारी मी सकाळी आठला डोक्याला मेंदी लावली. साडेअकराला धुवायला गेले आणि नळ फुसफुसला. वरची टाकी संपली होती. रविवार, सगळ्यांची धुणी, चादरी, कुणाच्या गाड्या. मेंदी वाळून खपली झाली होती आणि कपाळावरून एक ओघळ डोळ्याच्या दिशेनं निघाला होता.

"आई," मी बाथरूममधून ओरडले, "चेअरमनकाकांना इंटरकॉम करा ना. पाच मिनिटं मोटर लावायला सांगा."

त्यांनी केला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण सासूबाईंनी रिसीव्हर आपटल्याचं आलं.

"काय म्हणाले?"

"मेंदी इज नॉट इमर्जन्सी," सासूबाई म्हणाल्या. त्याच आवाजात.

मला हसू आलं, पण डोळ्यांत मेंदी गेली तेव्हा थांबलं. मी स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळानं हॉलमधून चेअरमनचा आवाज आला. आधी घरघर, मग सुरू. "काइंडली नोट. मोटर चालू करो. इमिजिएटली."

मी आत दचकले. माणूस स्वतः दोन मजले उतरून घरी आलाय, माफी मागायला की भांडायला कळेना, आणि मी जुन्या गाऊनवर, डोक्यावर शेणाचा पो थापल्यासारखी. कडी पुन्हा एकदा तपासली आणि ते जाईपर्यंत बाहेर यायचं नाही असं ठरवलं. दहा मिनिटांनी नळ खाकरला आणि पाणी आलं.

"पाणी इला. न्हावन घे बेगीन," सासूबाई दारावर थाप मारून म्हणाल्या. बाहेरच्यांशी त्या सरळ मराठी बोलतात, घरात मालवणी.

मी न्हाले, केस बांधून बाहेर आले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. "चेअरमनकाका गेले?"

"कोण चेअरमन?" त्या कोथिंबीर निवडत होत्या. "कोण येवक नाय."

मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं. पण केस इतके छान झाले होते की मी पुढे विचारलं नाही.

आमचा इंटरकॉम जुना, कुठल्या घरातून फोन आला ते त्यावर दिसत नाही. वॉचमनने रजिस्टरात लिहिलं: बारा वाजता चेअरमन साब का ऑर्डर. सव्वाबाराला चेअरमन आणि त्यांची बायको मुलुंडला एका साखरपुड्याला गेले. मोटर चालू करायची ऑर्डर मिळाली होती, बंद करायची मिळाली नव्हती. वॉचमन नियमाचा पक्का. टाकी भरली, वाहिली, गच्चीवरून जिन्यात आली. सगळ्यांची पायपुसणी एकेक मजला खाली उतरली. साडेतीनला चेअरमन हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले तेव्हा तळमजल्याच्या पायऱ्यांवरून धबधबा चालला होता.

"किसने चालू किया?" त्यांची गर्जना आमच्या खिडकीपर्यंत आली.

"साब, आपने ही तो बोला."

"मैंने?"

वॉचमनने रजिस्टर दाखवलं. चेअरमननी ते वाचलं, पुन्हा वाचलं. आणि बूट भिजवत वर निघून गेले. मला वाटलं होतं आता चौकशी होणार, प्रत्येक घराला विचारणार. काहीच झालं नाही. आठवडाभर एकही नोटीस लागली नाही, हेच खरं तर विचित्र होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांची बायको आमच्याकडे आली. सासूबाईंची आणि तिची चांगली मैत्री. बसली, पाणी प्यायली आणि डोळ्यांना पदर लावला.

"ह्यांना विसरायला होतंय हो. त्या दिवशी निघायच्या गडबडीत ह्यांनीच मोटर लावायला सांगितली आणि ह्यांना अजिबात आठवत नाही. अजिबात! मागे एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता रोज सकाळी उठून कागदावर नातवंडांची नावं लिहितात आणि माझ्याकडून तपासून घेतात. सोमवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय, डोक्याचा फोटो काढणार."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. चहा झाला, ती गेली. सासूबाई तशाच बसून राहिल्या.

"आई," मी म्हटलं, "तुम्हीच ना?"

"तुझ्या केसांपायी," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याक वाटता आपली याद गेली." त्या उठल्या, लुगडं सारखं केलं. "माझ्यावांगडा चल वर. एकटी गेलंय तर पाय परत फिरतले."

वर चेअरमननी दार उघडलं. आठ दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता. सासूबाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं: "भाऊजी, त्या दिवशी वॉचमनला फोन तुम्ही केला नव्हता. मी केला. तुमच्या आवाजात."

चेअरमन सोफ्यावर बसले. "मी केला नव्हता?"

"नाही."

"नक्की? वहिनी, माझी समजूत काढायला नका सांगू."

"देवाशप्पत. हिच्या डोक्यात मेंदी होती."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, जणू पुरावा तिथे होता. चष्मा काढला, रुमालानं डोळे पुसले आणि आतल्या खोलीत बघून मोठ्यानं म्हणाले, "अगं ऐकलंस का, मी विसरलो नाही! मी केलाच नव्हता फोन!" मग हसले. आम्हीही हसलो. त्यांच्या बायकोनं पेढे आणले, त्याच साखरपुड्याचे. पेढा अर्धा खाऊन झाल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. घरघर झाली. स्कूटर सुरू झाली.

"पण वहिनी, धिस इज अ क्राइम!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराखालून नोटीस आली. सासूबाईंनी चेअरमनचं इम्पर्सोनेशन केलं, सबब खुलासा द्यावा, तो मिनिट्समध्ये नोंदला जाईल.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. नोटीस वाचून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तेचो अर्थ काय?"

"दुसराच माणूस असल्याचं भासवून फसवणं. म्हणजे... तोतयेगिरी."

"तोतयो? माका तोतयो म्हणता तो?" त्यांनी नोटीस माझ्या हातून घेऊन उलटसुलट बघितली. "मी माफी मागलंय, पेढो खाल्लंय. आता तोतयो? लिही उत्तर. त्यात ह्यो शब्द नको."

मग मी डिक्शनरी काढून जेवणाच्या टेबलावर बसले. दर वर्षी मुलांना समानार्थी शब्द शिकवते, फळ्यावर एकाखाली एक लिहून देते आणि सांगते, यांतला कुठलाही लिहा, मार्क मिळेल. त्या दिवशी कळलं की यांतला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. कॉपी म्हटलं तर परीक्षेचा वास येतो. मिमिकमध्ये चेष्टा आहे. इमिटेट मला सगळ्यांत निरुपद्रवी वाटला. लहान मूल आईचं करतं, तेही इमिटेटच. मी सुबक अक्षरात लिहिलं: माझ्या सासूबाईंनी आपल्याला केवळ इमिटेट केलं, त्याबद्दल दिलगीर आहोत.

कागद त्याच संध्याकाळी परत आला. इमिटेटखाली लाल रेघ. बाजूला लिहिलेलं, "पुढच्या रविवारी सकाळी दहा, माझ्या घरी कमिटी मीटिंग. शब्द ठरवू."

कमिटी म्हणजे चेअरमन आणि सेक्रेटरी. तिसरे सभासद गावी गेले होते. सेक्रेटरींचं मालाडला इमिटेशन ज्वेलरीचं दुकान आहे. गोरेगावात जन्मलेला गुजराती माणूस, मराठी आपल्यासारखंच बोलतो. मी माझी डिक्शनरी बरोबर नेली होती. चेअरमनकडे त्यांची होती, माझ्यापेक्षा जाड.

"इमिटेशन हा शब्द चालणार नाही," चेअरमननी सुरुवात केली. "फारच सौम्य आहे. इथे गुन्हा झालाय, आणि इमिटेशन हा काही..."

"एक मिनिट," सेक्रेटरी म्हणाले. "मॅडम, तुमच्या पत्रावर पण माझं ऑब्जेक्शन आहे. तुम्ही लिहिलंय, इमिटेट केलं म्हणून दिलगीर आहोत. दिलगीर कशाला? मी चोवीस वर्षं इमिटेशन विकतो. दुकानाच्या बोर्डावर लिहिलंय. गिऱ्हाइकाला माहीत आहे सोनं नाही, मला माहीत आहे सोनं नाही. दोघं खूश. त्यात फसवणूक कुठे आली?"

"मग हे काय झालं?" चेअरमननी विचारलं.

"हे डुप्लिकेट झालं. इमिटेशन वेगळं, डुप्लिकेट वेगळं. सांगून विकलं तर इमिटेशन, न सांगता खरं म्हणून विकलं तर डुप्लिकेट. आजींनी वॉचमनला सांगितलं का, मी आजी बोलतेय, चेअरमनच्या आवाजात?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग डुप्लिकेट."

मी म्हटलं की डुप्लिकेटचा अर्थ असा नाही, डुप्लिकेट म्हणजे दुसरी तंतोतंत प्रत, किल्ली असते तशी. सेक्रेटरींनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "मॅडम, ते पुस्तकात. मालाडला येऊन विचारा."

चेअरमन जाड डिक्शनरी चाळत होते. "एप्ड," ते एकदम म्हणाले. "शी एप्ड द चेअरमन. ठसठशीत आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "एप म्हणजे?"

मी डिक्शनरीच्या पानाकडे बघत राहिले.

"सांग ना."

"माकड," मी म्हटलं. "म्हणजे, माकडासारखी नक्कल करणं."

सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढला. "लिहा. माझी हरकत नाही. पण पुढे हेही लिहा, की माकडाचा आवाज कुठला आणि चेअरमनचा कुठला हे वॉचमनला शेवटपर्यंत कळलं नाही."

सेक्रेटरींना ठसका लागला. चेअरमननी पान उलटलं.

मला वाटलं, आता आपण काहीतरी गोड सुचवावं. "इम्युलेट कसा आहे?" मी म्हटलं. "म्हणजे एखाद्याला आदर्श मानून त्याच्यासारखं व्हायला बघणं."

"इम्युलेट!" चेअरमनचा चेहरा उजळला. "दॅट इज गुड. डिग्निफाइड शब्द आहे. मला मान्य आहे."

"अर्थ काय म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं. मी पुन्हा सांगितला. त्यांनी मान हलवली. "खोटं नको लिहू. भाऊजी चांगले आहेत, पण मला त्यांच्यासारखं व्हायचं नाही. मला मोटर लावायची होती."

चेअरमन परत इम्पर्सोनेशनवर आले. आता सेक्रेटरींनी नवीन शंका काढली. "पण साहेब, मूळ मुद्दा. आजींना तुमचा आवाज येतो, हे कोणी ऐकलंय? वॉचमनला झोपेत भास झाला असेल. अडुसष्ट वर्षांची बाई, पुरुषाचा आवाज... मला नाही वाटत."

हे ऐकून सासूबाईंना राग आला. तोतया म्हटल्यावर आला नव्हता इतका. त्या उठल्या, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घरघर झाली. पुन्हा झाली. आणि स्कूटर सुरू झाली.

"अगंऽ! चहाचं काय झालं? फोर कप्स! शुगर सेपरेट! किती वेळ? एक काम वेळेवर होत नाही या घरात!"

स्वयंपाकघरातून चेअरमनच्या बायकोचा आवाज आला, "आणतेय हो! दोनच हात आहेत मला! सारखं काय ओरडायचं?"

सेक्रेटरींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. ती ट्रे घेऊन बाहेर आली, टीपॉयवर आदळला आणि नवऱ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. "पाहुण्यांसमोर तरी."

"मी बोललोच नाही," चेअरमन म्हणाले.

ती घाबरली. ट्रे तसाच सोडून त्यांच्याजवळ आली, हात धरला. "अहो, आत्ता बोललात. हेही विसरलात?"

मग सेक्रेटरींना आवरेना. मलाही आवरेना. ती बिचारी आमच्या तोंडांकडे बघत राहिली, आणि सासूबाईंनी कॅलेंडरकडून तोंड फिरवून तिला हात जोडले तेव्हा तिला उलगडा झाला. ती सोफ्यावर बसली आणि इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

चेअरमन मात्र हसत नव्हते. चिडलेलेही दिसले नाहीत. आपल्या कपात दोन चमचे साखर घातली, पुन्हा दोन घातली.

"मी असा बोलतो?" त्यांनी कुणाला म्हणून विचारलं कळलं नाही.

सेक्रेटरी छताकडे बघू लागले. मी डिक्शनरी मिटली.

"रोज," त्यांची बायको म्हणाली. हसत हसतच म्हणाली, पण म्हणाली.

त्यांनी चहा प्यायला. अर्ध्यावर ठेवला. मग सेक्रेटरींना म्हणाले, "लिहा," आणि न खाकरता सांगितलं. ती नोंद आमच्या सोसायटीच्या पुस्तकात आजही आहे: चेअरमनच्या आवाजात एक डुप्लिकेट ऑर्डर देण्यात आली होती, संबंधितांनी ती परत घेतली आहे, विषय संपला. आवाजातली ऑर्डर परत कशी घेतात आणि जिन्यातून वाहून गेलेल्या पाण्याचं काय, हे मी विचारलं नाही. डुप्लिकेट हा शब्द मला आजही चूक वाटतो. शाळेत कुणी तसा लिहिला तर मी मार्क देणार नाही.

चेअरमननी डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द केली होती, ती बायकोनं परत घ्यायला लावली. सगळं नॉर्मल निघालं. ते रिपोर्ट त्यांनी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. मोटरीसाठी त्यांनी वॉचमनला नवा हुकूम दिला, की फोन आला तर आधी खात्री करून घ्यायची. वॉचमन नियमाचा पक्का. आता चेअरमननी फोन केला की तो आधी विचारतो, "साब, ओरिजिनल?" आणि चेअरमनना "ओरिजिनल" म्हणावं लागतं. हे मी गेटजवळ रिक्षाची वाट बघत असताना स्वतः ऐकलंय.

त्यांच्या घरातून पूर्वी जिन्यापर्यंत ऐकू यायची तशी चहाची हाक आता कमी येते. अगदी बंद झाली असं नाही. माणूस एका रविवारात बदलत नाही.

सासूबाईंनी मात्र पंधरा दिवस एकही आवाज काढला नाही. मासेवालीनं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. मलाच घर सुनं वाटायला लागलं. एके दिवशी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आई, तुम्ही माझाही आवाज काढता का?"

त्यांनी दुसरी शेंग उचलली. म्हणजे काढत होत्या.

"काढून दाखवा ना."

"नको गो. तुका राग येतलो."

"नाही येणार."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "आई, मी आलेऽ. गोळी घेतलीत का? नाही? मग घ्या ना. किती वेळा सांगायचं." त्यातला तो 'ना' लांबलेला होता, दमलेला, थोडा वैतागलेला. दहावीच्या वर्गावर पाच तास उभं राहून आलेल्या बाईचा. मला वाटत होतं की मी घरी आल्यावर गोड बोलते.

"हे कोणाला करून दाखवता तुम्ही?" मी विचारलं. माझ्या आवाजाला जरा धार आली असणार. "ताईंना, फोनवर? खालच्या बायकांना?"

"कोणाक नाय." त्यांनी पुन्हा शेंग हातात घेतली. "तू शाळेत गेलंस काय घर गप असता. मग करतंय कधी कधी. गोळयेची याद पण रवता."

त्या शेंगा सोलत राहिल्या. मीही सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिक्षकखोलीतून घरी फोन लावला. यापूर्वी असा कधी लावला नव्हता. त्यांनी उचलला, आणि मग मला सुचेना की काय बोलायचं. संध्याकाळी भाजी काय करू, असं विचारलं.

"बरी आसस मां?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"हो, सहज केला."

"सुट्टी किती रवली?"

"दहा मिनिटं."

"मग डबो खा आधी," त्या म्हणाल्या, आणि मग दारात आलेला नवा कुरिअरवाला कसा बोलतो, ते मला त्याच्या आवाजात ऐकवत बसल्या. घंटा झाली तरी मी फोन ठेवला नाही. वर्गावर उशिरा गेले.